संशय, दोषभावना आणि रोजची ओढाताण यांत ख्रिस्ती विश्वास कसा जपावा

काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाचा खजिनदार असलेला एक मुलगा उपासनेला यायचा अचानक बंद झाला. आठ महिन्यांनी एका संध्याकाळी तो माझ्या घरी आला, चहाचा कप हातात धरून बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "काका, देव आहे की नाही, हेच मला कळेनासं झालंय." मी लगेच त्याला उत्तर द्यायला सरसावलो. सृष्टीची रचना, संदेष्ट्यांची वचने, पुनरुत्थानाचे साक्षीदार, जे जे मला ठाऊक होते ते मी अर्धा तास सांगत राहिलो आणि तो मान डोलवत राहिला. कपातल्या चहावर साय धरली. निघताना, दाराशी चप्पल घालत असताना, वर न बघताच तो म्हणाला की कापणीच्या सणाच्या लिलावातले १,८०० रुपये त्याच्याकडे राहिले होते आणि ते त्याच्या हातून खर्च झाले होते. अर्धा तास मी भलत्याच दुखण्यावर औषध देत होतो, हे मला तेव्हा कळले.

त्या संध्याकाळपासून माझी एक खात्री झाली आहे आणि हे सारे लिहिण्याचे कारणही तेच आहे. विश्वास डळमळतो तेव्हा आपण त्याला सरसकट "संशय" म्हणतो, पण त्या एका नावाखाली चार निरनिराळी दुखणी असतात. थकवा, खरा संशय, दोषभावना आणि भोवतालच्या माणसांचा दबाव ही ती चार, आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे. दोषी मनाला युक्तिवाद देऊन उपयोग होत नाही आणि खऱ्या प्रश्नाने अस्वस्थ झालेल्या माणसाला "पश्चात्ताप कर" म्हणून सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आधी दुखणे ओळखावे

यासाठी एक वही घ्यावी आणि तीन गोष्टी लिहाव्यात. पहिली, ही अस्वस्थता नेमकी केव्हापासून आहे. महिना आठवला तर महिना लिहावा. दुसरी, त्याच सुमारास आयुष्यात काय घडले. आजारपण, बदली, कर्ज, भांडण, कोणाचा मृत्यू, एखादी लपवलेली गोष्ट, जे असेल ते. तिसरी, प्रार्थनेला बसल्यावर मन कोणत्या विषयापासून दूर पळते. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सर्वांत खरे असते. मन "देव आहे का?" या प्रश्नाभोवती घुटमळत असेल तर तो संशय आहे, एखाद्या विशिष्ट माणसाच्या चेहऱ्यापाशी किंवा रकमेपाशी येऊन ते मागे फिरत असेल तर ती दोषभावना आहे, आणि मन कशापासूनच पळत नसून नुसते डोळे मिटत असतील तर माणूस थकला आहे.

थकव्याला कमी लेखू नये. बायबलातल्या १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर ईजबेलीच्या धमकीने पळून रानात एका झुडपाखाली जाऊन बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. देवाने त्याला त्या घटकेला प्रवचन दिले नाही. देवदूताने त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू दिला, तो जेवून पुन्हा झोपला, आणि दुसऱ्यांदा उठवल्यावर पुन्हा जेवला. होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि देवाची ती मंद वाणी हे सारे त्यानंतरचे आहे. रात्रपाळी करणाऱ्या, घरातल्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्या किंवा दोन लहान मुलांमागे धावणाऱ्या आईने विश्वास आटल्याची तक्रार केली, तर तिला आधी पोटभर जेवण, सलग झोप आणि घरकामात कोणाचा तरी हात मिळतो का, हे पाहावे. ते मिळाल्यावरही जे उरेल, त्याचा विचार पुढे करता येतो.

संशय आला असता

संशयाच्या बाबतीत पहिले पाऊल असे की तो मोघम राहू देऊ नये. "माझा विश्वास उरला नाही" हे वाक्य कोणालाच उचलता येत नाही इतके जड आहे. त्याच्या जागी एकेक प्रश्न वेगळा करून लिहावा: माझ्या बहिणीसाठी इतकी प्रार्थना करूनही ती का गेली, येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत एकच प्रसंग वेगळ्या तपशिलांनी का येतो, माझे हिंदू शेजारी इतके सज्जन असताना तारणाविषयी मी काय समजावे. असे लिहिले की दोन गोष्टी होतात. काही प्रश्न माहितीचे असल्याचे दिसते आणि ते अभ्यासू पाळकांना, धर्मगुरूंना किंवा ईशज्ञान शिकलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारून सोडवता येतात. बाकीचे प्रश्न वास्तविक दुःखाचे असतात आणि त्यांना माहितीने समाधान मिळत नाही. ते जसेच्या तसे प्रार्थनेत न्यावे लागतात.

प्रार्थनेत न्यावे म्हणजे कसे, हे बायबलातली प्रार्थनागीतांची स्तोत्रसंहिता शिकवते. १३ वे स्तोत्र देवाला थेट विचारते की तू मला कोठवर विसरणार. ८८ वे स्तोत्र तर कोणताही दिलासा न मिळताच अंधारात संपते. कित्येक उपासनांत आपण ही स्तोत्रे वगळतो आणि स्तुतीची तेवढी वाचतो, त्यामुळे दुःखी माणसाला वाटते की आपले बोलणे देवाच्या घरात चालणार नाही. प्रत्यक्षात ते पवित्र शास्त्रातच लिहून ठेवलेले आहे. म्हणून संशयाच्या दिवसांत रोज एक विलापस्तोत्र मोठ्याने वाचावे आणि त्यातल्या कवीच्या तक्रारीच्या जागी स्वतःची तक्रार, नावागावासह, उच्चारावी. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला रडत सांगतो की त्याचा विश्वास आहे आणि जो अविश्वास आहे तो प्रभूनेच घालवावा. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने, एकाच श्वासात निघाल्या आणि त्याचा मुलगा बरा झाला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तुरुंगातून निरोप पाठवून विचारले की जे तारणारे येणार ते आपणच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी. येशूने त्याला खोचक उत्तर दिले नाही, उलट त्याचे शिष्य परत गेल्यावर जमावापुढे योहानाची थोरवी सांगितली. पुनरुत्थानानंतर गालीलातल्या डोंगरावर शिष्यांनी प्रभूला नमन केले, तेव्हाही काहींना संशय वाटला असे मत्तय स्पष्ट लिहितो, आणि जगभर जाण्याची आज्ञा त्या संशय वाटलेल्यांनाही मिळाली.

मराठी ख्रिस्ती माणसाने या बाबतीत पंडिता रमाबाईंचे चरित्र जवळ ठेवावे, असे मला मनापासून वाटते. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज येथे १८८३ साली झाला. त्याआधी दुष्काळाने आईवडील नेले होते, मग भाऊ गेला आणि लग्नानंतर दोन वर्षे पुरी होण्याआधीच पती गेले होते. बाप्तिस्म्यानंतरही त्यांचे प्रश्न थांबले नाहीत. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी, ज्यांनी त्यांना आश्रय दिला होता त्या मठातल्या भगिनींशीच त्यांनी पत्रांतून निर्भयपणे वाद घातला. पुढे त्यांनी स्वतःच सांगितले आहे की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. ती आठ वर्षे त्या हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. त्या अमेरिकेत हिंडल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, विधवा मुलींना शिकवले. प्रश्न सुटेपर्यंत काम थांबवले नाही आणि काम चालू आहे म्हणून प्रश्नही गिळले नाहीत. याच बाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रियांना घर दिले, हिब्रू आणि ग्रीक शिकून सामान्य स्त्रीला समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. ते पूर्ण स्वरूपात १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापून निघाले. संशय म्हणजे विश्वासाचा शेवट असे जो समजतो, त्याने या आठ वर्षांचा विचार करावा.

आणखी एक नियम इथेच सांगतो. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आध्यात्मिक साधनेसाठी जे नियम लिहिले, त्यांत एक असा आहे की मन उजाड झालेले असताना आधी शांत मनाने केलेला निश्चय बदलू नये. तो मी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही घरांत उपयोगी पडलेला पाहिला आहे. मंडळी सोडणे, लग्न मोडणे, सेवेचा राजीनामा देणे, मुलांना संडे स्कूलमधून काढणे असे निर्णय अंधाऱ्या आठवड्यांत घेऊ नयेत. वहीत तारीख घालून लिहून ठेवावे की हा निर्णय मी तीन महिन्यांनी पुन्हा पाहीन. तोवर जे चालू आहे ते, मन लागो वा न लागो, चालू ठेवावे.

दोषभावना आणि "पदरी घेणे"

आता त्या मुलाकडे परत जातो, कारण माझ्या अनुभवात मंडळीपासून तुटलेल्या माणसांपैकी पुष्कळजण संशयाने नव्हे तर लाजेने तुटलेले असतात.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या ९ व्या वचनात, पापे "पदरी घेणे" असा शब्दप्रयोग आहे. मी हे वचन लहानपणी पाठ केले होते, पण त्यातल्या पदराकडे माझे लक्ष आईमुळे गेले. बाजारातून येताना पिशवी फाटली की ती सांडलेले बटाटे, कांदे, मातीत पडलेलेसुद्धा, एकेक वेचून पदरात घ्यायची आणि तशीच घरी यायची. सांडलेले आपलेच आहे, हे मान्य केल्याशिवाय कोणी ते पदरात घेत नाही. कबुली म्हणजे एवढेच. ती नुसती पडल्या चेहऱ्याने बसून राहण्याची अवस्था नाही, आणि "माझ्या हातून काही चुका झाल्या असतील तर" असे म्हणून सोडून देण्याची गोष्टही नाही.

म्हणून कबुली द्यायची ती मोजून, नाव घेऊन द्यावी. "मी फार वाईट आहे" असे म्हणू नये, कारण ते कोणीही म्हणू शकते आणि त्याने काहीच उघड होत नाही. "मी लिलावाचे १,८०० रुपये घेतले आणि हिशेबात तसे लिहिले नाही" असे म्हणावे. हे आधी देवापुढे, शक्यतो आवाज काढून, म्हणावे. कॅथलिक व्यक्तीने प्रायश्चित्त संस्कारासाठी धर्मगुरूंकडे जावे. इतरांनी विश्वासू पाळक किंवा पोटात गोष्ट ठेवणाऱ्या एका प्रौढ विश्वासणाऱ्याजवळ सांगावे, कारण याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे. माणूस निवडताना मात्र काळजी घ्यावी. जो दुसऱ्यांच्या गोष्टी आपल्याला सांगतो, तो आपलीही दुसऱ्यांना सांगणार.

कबुलीनंतर भरपाई येते आणि इथेच बहुतेक जण थबकतात. शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे आणि फसवून घेतलेले चौपट परत करायचे ठरवले, ते येशूची मर्जी विकत घेण्यासाठी नाही. येशू त्याच्या घरी आधीच उतरला होता. क्षमा आधी मिळाली, पैसे नंतर परत गेले. हा क्रम लक्षात ठेवला तर भरपाई करताना छाती दडपत नाही. त्या मुलाने मला विचारले की पैसे गुपचूप दानपेटीत टाकले तर चालेल का. मी नको म्हटले. हिशेबात जी जागा चुकली होती, तीच दुरुस्त व्हायला हवी होती. तो पाळकसाहेबांकडे गेला, तीन हप्त्यांत पैसे भरले आणि प्रत्येक वेळी पावती घेतली. भरपाई कधी शक्यच नसते, जसे की दुखावलेली व्यक्ती वारलेली असते, किंवा तिच्याकडे पुन्हा जाण्याने तिलाच नवा त्रास होईल. अशा वेळी पाळकांच्या सल्ल्याने काय करायचे ते ठरवावे, एकट्याने ठरवू नये.

येशूला धरले त्या रात्री त्याचा शिष्य यहूदा याने त्याला धरून दिले आणि दुसरा शिष्य पेत्र याने त्याला ओळखत नाही म्हणून नाकारले; दोघांनाही त्या एकाच रात्रीच्या करणीने ग्रासले. यहूदाने तर चांदीची तीस नाणी परतही केली आणि निर्दोष माणसाला धरून दिल्याचे तोंडाने कबूलही केले, पण ते केले मुख्य याजकांपुढे, ज्यांनी "त्याचे आम्हाला काय" म्हणून हात झटकले. ज्याचा अपराध केला त्या प्रभूकडे तो परतला नाही. पेत्र मात्र रडला आणि इतर शिष्यांना सोडून गेला नाही. योहान आपल्या शुभवर्तमानात एक तपशील मुद्दाम ठेवतो: पेत्राने तीन वेळा नाकारले तेव्हा तो कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता, आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्या समुद्राच्या काठी प्रभूने न्याहारी तयार ठेवली तीही कोळशांच्या विस्तवावर. कोळशांच्या विस्तवासाठी तिथे वापरलेला ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. धुराचा तो वास पेत्राच्या नाकात गेला असेल, तेव्हा त्याला काय आठवले असेल, याची कल्पना करून पाहावी. प्रभूने त्याला त्या आठवणीपासून दूर नेले नाही. त्याच विस्तवाजवळ बसवून आधी भाकर आणि मासळी खायला दिली आणि मग तीन वेळा विचारले की तू माझ्यावर प्रीती करतोस का. नाकारले तीन वेळा, म्हणून विचारलेही तीन वेळा, आणि प्रत्येक उत्तरामागोमाग कळप सांभाळण्याचे काम दिले.

खरी आणि खोटी दोषभावना कशी ओळखावी, असे मला अनेकदा विचारले जाते. पवित्र आत्म्याचा ठपका नेमका असतो: हे कृत्य, हा शब्द, ही व्यक्ती, आणि तो काहीतरी करायला सांगतो. त्याउलट जी बोचणी कशाचेच नाव घेत नाही, कबुली आणि भरपाई होऊनही जात नाही, आणि "तू मुळातच नालायक" एवढेच घोकत राहते, तिला देवाची वाणी मानू नये. ती आली की कबुली पुन्हा देत बसू नये. "हे पदरी घेतले आहे आणि मला क्षमा मिळाली आहे" एवढे म्हणून उठावे आणि हातातल्या कामाला लागावे. तरुण मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापनिवेदन करत आणि तरी त्यांना चैन पडत नसे. क्षमा आपल्या कबुलीच्या परिपूर्णतेवर नव्हे, ख्रिस्तावर टेकलेली आहे, हे उमगल्यावरच त्यांना विसावा मिळाला. एकच प्रार्थना "नीट झाली नाही" म्हणून वीस वेळा म्हणणे, मनात येणाऱ्या निंदेच्या विचारांनी भेदरून जाणे, दिवसाचे तास या फेऱ्यात जाणे, असे होत असेल तर तो मानसिक आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. झोप, भूक आणि जगण्याची इच्छाच उडाली असेल तर उशीर करू नये. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूकसुद्धा वैद्यच होता.

कचेरी, शेजार आणि कागदपत्रे

रोजचा दबाव क्वचितच छळाच्या रूपाने येतो. तो सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रूपाने येतो, रविवारच्या पाळीच्या रूपाने येतो, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीच्या रूपाने येतो. प्रेषित पौलाला ग्रीसमधल्या करिंथ शहरात असाच प्रश्न होता, कारण तिथल्या बाजारातले पुष्कळसे मांस मूर्तीला अर्पण झालेले असे. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या ८ व्या आणि १० व्या अध्यायांत तो दोन्ही बाजूंचा विचार करतो: मूर्ती काहीच नाही हे खरे, बाजारात मिळेल ते शंका न काढता खावे; पण कोणी मुद्दाम सांगितले की हे अर्पण केलेले आहे, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नये. आपल्या मंडळ्यांत या विषयावर मतभेद आहेत आणि ते राहतील. जे ठरवायचे ते प्रसादाची थाळी समोर येण्याआधी, घरी, शांतपणे ठरवावे. थाळी समोर आल्यावर ठरवायला गेले की माणूस एकतर चिडून बोलतो किंवा मुकाट्याने घेऊन घरी गेल्यावर कुढत बसतो.

माझा स्वतःचा निर्णय प्रसाद न घेण्याचा होता आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी तो मी वाईट रीतीने पाळला. पूजेच्या दिवशी रजा टाकली. सहकाऱ्यांना वाटले की मी त्यांना कमी लेखतो. पुढच्या वर्षी मी हजर राहिलो, खुर्च्या लावल्या, जेवणावळीच्या खर्चात माझा वाटा दिला आणि थाळी आली तेव्हा हात जोडून म्हणालो, "मी प्रसाद घेत नाही, पण तुमच्या आनंदात मी आहे." कोणी दुखावले नाही. नाताळात मी केलेल्या करंज्या मात्र त्यांनी डबा रिकामा होईपर्यंत खाल्ल्या. नकार थोडक्यात द्यावा, हसून द्यावा आणि त्याच्या जोडीला एखादे प्रत्यक्ष काम करावे.

रविवारच्या पाळीसाठी साहेबांना आधीच विचारावे. पाळीची अदलाबदल होत असेल तर दिवाळीत आपण काम करण्याची तयारी दाखवावी. ते जमत नसेल तर कॅथलिक व्यक्तीला शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाऊन रविवारचे कर्तव्य पुरे करता येते, आणि इतरांनी आठवड्यात एखाद्या घरच्या प्रार्थनासभेची वेळ पक्की धरावी. महिनोन्‌महिने "पुढच्या रविवारी बघू" म्हणत राहणे सर्वांत घातक.

कागदपत्रांचा प्रश्न याहून खोल आहे आणि त्याविषयी उघड बोलले जात नाही, म्हणून इथे बोलतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा धर्माशी जोडला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाजाचा त्यात समावेश झाला, पण दलित ख्रिस्ती त्याबाहेरच राहिले. आपल्या कित्येक कुटुंबांत म्हणून दाखल्यावर एक धर्म आणि घरात दुसरा अशी विभागणी आहे, आणि शाळेचा अर्ज भरताना बापाचा हात अडखळतो. जातीचा जाच बाप्तिस्म्याने संपत नाही, तर त्याची भरपाई मात्र का संपते, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि तो मंडळीने एकजुटीने मांडत राहिला पाहिजे. ज्यांनी भाकरीसाठी तडजोड केली, त्यांच्याकडे बोट दाखवण्याचे धैर्य मला नाही. त्यांना एवढेच सांगेन की या गोष्टीमुळे प्रार्थनेपासून तोंड लपवू नका. ती पाळकांशी बोला, मुलांना समज आल्यावर त्यांच्यापासून दडवू नका, आणि या ओझ्यासकट प्रभूच्या मेजाजवळ, म्हणजे प्रभुभोजनाला, या.

रोजचा थोडा क्रम

भावनेच्या भरात ठरवलेला क्रम टिकत नाही. पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थना करीन, असा संकल्प सोडणारे मी पुष्कळ पाहिले. सकाळी दहा मिनिटांचा क्रम तीस वर्षे चालवणारेही पाहिले. एका शुभवर्तमानाचा लहानसा उतारा, एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना आणि त्या दिवशी भेटणाऱ्या दोन माणसांची नावे एवढे पुरे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. रात्री निजण्यापूर्वी दिवस मागे फिरवून पाहावा: कुठे कृतज्ञ वाटले, कुठे चुकलो, उद्या कोणाची क्षमा मागायची आहे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायला जाऊ नये. नेहमीच्या दहा मिनिटांनीच पुन्हा सुरुवात करावी. कुटुंबप्रार्थना मुले पेंगण्याआधी, जेवणानंतर लगेच करावी आणि गीताचे एक कडवे जरी सर्वांनी मिळून म्हटले तरी ते घराच्या अंगवळणी पडते.

ज्या दिवशी स्वतःला प्रार्थना येत नाही, त्या दिवशी उपासनेला जाऊन शेवटच्या बाकावर बसावे आणि इतरांच्या प्रार्थनेला "आमेन" म्हणावे. विश्वासांगीकार, म्हणजे सर्वांनी मिळून म्हणायची विश्वासाची कबुली, म्हणताना एखादे वाक्य घशात अडकले तर तेवढे ऐकावे. मंडळी ते आपल्या वतीने म्हणत असते. आणि शेजारच्या बाकावरची कोणी व्यक्ती लागोपाठ तीन रविवार दिसली नाही, तर चौथ्याची वाट न पाहता तिच्या घरी जावे. काय बोलायचे हे ठरवून जाऊ नये. चहा घ्यावा, विचारपूस करावी आणि उठायची घाई करू नये, कारण खरी गोष्ट पुष्कळदा चप्पल घालताना बाहेर पडते.

तो मुलगा परत आला त्या रविवारी प्रभुभोजन होते. भाकरीचा तुकडा घेताना त्याचा हात कापत होता आणि त्याने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. खजिनदाराचे काम त्याने स्वतःहून सोडले होते. दोन वर्षांनी तरुण संघाने ते त्याला पुन्हा दिले, तेव्हा त्याने एक अट घातली. गेल्या कापणीच्या सणाला लिलाव संपल्यावर मी पाहिले: भोपळे, ज्वारीची कणसे आणि कोंबड्या घेऊन लोक घरी निघाले होते, आणि तो सतरंजीवर बसून वही लिहीत होता. बेरीज झाल्यावर त्याने ती शेजारच्या मुलीकडे सरकवली. तिने रक्कम पुन्हा मोजली, आणि मग दोघांनी त्या खाली सही केली.